लांब नळीची बंदूक

शस्त्रांची आवड आम्हांस नाहीं. परंतु कारागिरी दिसेल तेथें थांबावें, ही आमची जुनी खोड आहे. अठराव्या शतकांतील अमेरिकन चकमकी बंदुकीपाशीं आम्ही थबकलों, तें या खोडीमुळेंच.

बखरींतून भेटणारी तोड्याची बंदूक जळत्या वातीनें पेटे. हिच्या घोड्याच्या जबड्यांत गार बसविलेली असे. ती पोलादावर आपटली कीं रंजकेच्या दारूवर ठिणगी पडे. लोक हिला ‘केंटकी रायफल’ म्हणतात. पण हिचें मूळ घर पेनसिल्व्हेनियांत, लँकेस्टरच्या आसपास, जर्मन व स्विस वसाहतवाल्यांच्या लोहारशाळांत. मायदेशाहून त्यांनीं आणलेली शिकारी बंदूक आखूड व मोठ्या तोंडाची होती. अरण्यांत दीर्घकाळ हिंडणाऱ्यास शिसें व दारू पाठीवर वाहावी लागे. म्हणून गोळी लहान झाली, आणि नळी वाढत वाढत चाळीस इंचांपलीकडे गेली.

नळी घडविणें हें धीराचें काम. लोखंडाची पट्टी सळईभोंवतीं वळवून, थोडी थोडी तापवून, तिची शीवण ठोकून सांधावयाची. मग ती आंतून कोरावयाची व बाहेरून अष्टकोनी घांसावयाची. नंतर लांब दांड्यास लहानसें पातें बसवून तें आंतून पुनःपुन्हां ओढावयाचें, तेव्हां कोठें पिळाचे चरे उमटत. तेलकट चिंधींत गुंडाळलेली गोळी त्या चऱ्यांमुळें गिरकी घेत सरळ जाई. दस्ता मेपलच्या लांकडाचा, वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेषांचा. त्यांत चिंध्यांसाठीं पितळी झांकणाची खोबण. घोड्याचें यंत्र मात्र पुष्कळदां युरोपांतून येई. विल्यम्सबर्गच्या वॉलेस गस्लर या कारागिरानें जुन्या पद्धतीनें अशी सबंध बंदूक घडविली, त्याचा चित्रपट १९६९ सालीं निघाला. हातांचें तें काम पाहतांना वस्तु कशासाठीं आहे याचा विसर पडतो, आणि हेंच आम्हांस धोक्याचें वाटतें.

कारण ‘केंटकी’ हें नांव तो विसर पडूं देत नाहीं. तो प्रदेश शॉनी व चेरोकी लोकांच्या शिकारीचा होता. वसाहतवाल्यांनीं तो बळकावला तेव्हां हीच बंदूक त्यांच्या खांद्यावर होती. मूळ रहिवाशांनींही ती पुढें हातीं धरली, पण भूमि राखतां आली नाहीं. बंदूक जेथें घडली त्या गांवाचें नांव मागें पडलें. जेथें झाडली गेली तेथील नांव तिला चिकटलें.

लँकेस्टरचा जेकब डिकर्ट आपल्या नळ्यांवर स्वतःचें नांव कोरीत असे. संग्रहालयांत काचेआडची ही बंदूक पाहणारानें दोन्ही नांवें वाचावींत, अशी आमची इच्छा आहे. एकांत हाताची पुण्याई आहे, दुसऱ्यांत तिचा हिशेब. आणि चरे नीट उतरावेत म्हणून दिवसचे दिवस झटणाऱ्या त्या भल्या माणसास गोळी कशावर जाणार, हें ठाऊक नव्हतें असें आम्हांस म्हणवत नाहीं.