खाडीकाठचा वर्ग निरोप घेतो

दर वर्षी शालान्त परीक्षेचा वर्ग शाळा सोडून जातो, आणि दर वर्षी या पानांवर त्यास चार शब्द सांगण्याचे काम आमच्याकडे येते. निरोपाचे शब्द बहुधा ठरलेले असतात. पाखरे घरट्यातून उडाली, नौका बंदर सोडून निघाली, असे आपण लिहितो व वाचतो. परंतु २०२५ च्या परीक्षेस बसलेल्या वर्गाविषयी लिहिताना ते शब्द आमच्या उपयोगी पडेनात. या वर्गातील बहुतेक मुले दिघीची व राजपुरी खाडीच्या काठची. नौका बंदर सोडते म्हणजे काय, हे त्यांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

ही मुले जून २०१९ मध्ये पाचवीत आली. ते वर्ष पुरे होण्याच्या आतच, मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीमुळे शाळांची दारे बंद झाली. पाठोपाठ ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या त्या वाऱ्याने घरांची छपरे उडविली आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. त्या पावसाळ्यात धडे मोबाइलवरून पाठविले जात होते. पण ज्या घरावर कौल उरले नव्हते व जेथे वीज आली नव्हती, तेथे तो धडा कोणी उघडावा? जानेवारी २०२१ च्या अखेरीस पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले, ते पुन्हा बंद झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील शाळा पुन्हा भरू लागल्या, तेव्हा हीच मुले सातवीत होती. आणि त्यांतील कित्येकांस आपल्या नावापलीकडे चार ओळी सलग लिहिणे जड जात होते.

परीक्षेपूर्वी आम्ही त्यांस 'शाळेने मला काय दिले' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. शिस्त, ज्ञान, संस्कार हे शब्द येणार, अशी आमची अपेक्षा होती. आले ते निराळेच. एका मुलीने लिहिले की, बंद शाळेच्या दिवसांत तिला सर्वांत जास्त आठवण आली ती वर्गाने एका सुरात पाढे म्हणण्याची. घरी एकटीने म्हटले की सतरा-अठराच्या पुढे तोंडच उघडत नसे. दुसऱ्या एका मुलाने धड्यांचा वा शिक्षकांचा उल्लेखच केला नाही. त्याने केवळ आपल्या बाकावरील सोबत्याविषयी लिहिले होते, जो पाचवीत होता आणि सातवीत परत आला नाही.

तो सोबती आज बोटीवर आहे. आम्ही त्यास ओळखतो. त्याच्या धंद्यास आम्ही कमी लेखीत नाही. भरती-ओहोटीचे गणित त्यास जसे येते, तसे आमच्या पुष्कळ पहिल्या नंबरवाल्यांस कोणतेच गणित येत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत तो कधी कधी भेटतो. मागील खेपेस त्याच्या हाती कर्जाचा एक कागद होता, आणि तो वाचून दाखविण्याविषयी त्याने आम्हांस विनविले. पाण्यावर कोणास भीक न घालणारा मुलगा एका कागदापुढे मान खाली घालून उभा होता. शाळेने काय दिले, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशी मिळाले.

या किनाऱ्यावरील मुलांस विद्येसाठी घर सोडणे नवे नाही. मालवणास जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर रत्नागिरीस शिकून पुढे मुंबईस गेले, आणि १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या २१ जणांत ते होते. आमच्या खाडीचे दोन्ही काठ १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. त्या काळी येथील मुलगा शिकावयास मुंबईस गेला की गावास भूषण वाटे. मुलीने जावे, असे मात्र क्वचितच कोणाच्या मनात येई.

म्हणून पालकहो, आमचे मुख्य बोलणे आपणांशी आहे. या वर्गातील मुली दहावीपर्यंत पोहोचल्या, हे आपले श्रेय. आता पुढील शिक्षणासाठी कोणी फेरीबोटीने आगरदांड्यास उतरून मुरुडास जावे, कोणी एस.टी.ने श्रीवर्धन वा म्हसळे गाठावे. खाडी खवळते, फेरी बंद राहते, एस.टी. चुकते आणि दिवेलागणीस आईचा जीव टांगणीस लागतो. ही भीती खोटी नाही, व ती हसण्यावारी नेण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु याच खाडीवर, याच बोटीने, आपण मुलग्यास पाठविता. मुलीचा प्रश्न निघाला की पाणी अधिक खोल होते काय? दोन-चार घरांनी मिळून मुलींची सोबत ठरविली, तर अर्धी चिंता जेटीवरच उतरेल. दिघीच्या बंदरात मोठी जहाजे लागतात. त्या कामांसाठी शिकलेली माणसे लागणार, ती आपल्या गावची असावीत की परगावची, हे काही अंशी आपल्या हाती आहे.

वादळानंतर बागाईतदारांनी पुन्हा पोफळी लावल्या. पोफळीस फळ धरावयास साधारण पाच-सात वर्षे लागतात. खत-पाणी घालून वाढविलेले झाड सहाव्या वर्षी, अद्याप सुपारी दिसत नाही म्हणून, कोणी तोडीत नाही. आपल्या मुलांचेही पाचवीपासून हे सहावेच वर्ष होते.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस आमचे एवढेच सांगणे की, शाळा सोडल्याचा दाखला घ्यावयास याल, तेव्हा घाईने परतू नका. पुढे कोठे नाव घातले, तेवढे सांगून जा. आणि बाकावरील तो सोबती भेटला, तर त्यास म्हणावे, दहावीची परीक्षा बाहेरून देण्याची सोय आहे. पुस्तके आम्ही काढून ठेविली आहेत.