साखळीचा कुळव

शाळेच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने शेतीच्या अवजारावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु वसतिगृहाच्या गाईंसाठी राखलेल्या कुरणाची देखरेख गेली काही वर्षे आमच्याकडे आहे, आणि यंदा माजी विद्यार्थ्यांनी त्या कुरणासाठी एक यंत्र भेट देण्याची इच्छा व्यक्त केली आहे. कोणते यंत्र घ्यावे आणि आल्यावर ते सांभाळावे कोणी, हे दोन्ही प्रश्न सर्वांसमोर ठेवावेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

शाळेमागचे ते माळरान जुन्या विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. वर वीतभर माती, खाली मुरूम. एकेकाळी तेथे मारवेल आणि पवना ही सकस गवते होती. वर्षानुवर्षांच्या मोकाट चराईने ती मागे हटली व कुसळीने त्यांची जागा घेतली. कुसळी कोवळी असताना जनावरे खातात. पण एकदा कुसळे धरली की ती तोंडाला टोचतात आणि गाय मान वळवते. न खाल्लेले गवत वाळून जमिनीवर त्याचा थर बसतो, खालच्या मातीवर पापुद्रा धरतो. पावसाचे पाणी आत मुरण्याऐवजी उतारावरून निघून जाते. वरून चांगल्या गवताचे बी फेकले तरी ते मातीला न लागता त्या थरावरच पडून राहते आणि मुंग्या वाहून नेतात. याचा शेवट कोठे होतो, हे वसतिगृहाचा हिशेब पाहणाऱ्यास ठाऊक आहे. उन्हाळ्यात कडबा विकत घ्यावा लागला की पहिली कात्री मुलांच्या सकाळच्या दुधाला लागते.

अशा जमिनीला नांगरणी नको, विंचरणी हवी. वाळलेला थर निघावा, पापुद्रा फुटावा आणि चांगल्या गवताच्या मुळांना मात्र इजा होऊ नये. या कसोटीवर आम्ही परिचित अवजारे एकेक करून पारखली. वखराची पास मातीखालून सरकते आणि मुळे कापत जाते. काळ्या रानातील तण काढण्यासाठी हा गुण मोलाचा. पण जेथे गवतच राखायचे आहे, तेथे तोच घातक ठरतो. दाताळ कुळव त्याहून बरा. परंतु त्याचे दाते ताठ लाकडात बसवलेले. माळ उंचसखल असल्याने उंचवट्यावर ते खोल रुततात आणि खळग्यावरून अधांतरी जातात. रोटाव्हेटरचा आग्रह अनेकांनी धरला आहे. देणाऱ्यांच्या प्रेमाविषयी तिळमात्र शंका नाही. तथापि, वीतभर मातीत ते फिरवले तर गवताची मुळे तुटतील, मुरूम वर येईल आणि पहिल्याच जोरदार सरीत भुसभुशीत झालेली माती ओढ्याला मिळेल. वीतभर माती घडायला किती पिढ्या लागतात, याचा विसर पडू नये.

साखळीचा कुळव आम्हांस प्रथम दिसला तो छायाचित्रात. इंग्लंडमध्ये नोकरीस असलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने ते पाठवले होते. एका आडव्या दांडीला लोखंडी कड्यांची जाळी लोंबते आणि कड्यांना खाली दाते असतात. ही जाळी जमिनीवर अंथरली की अंगावर घेतलेल्या गोधडीसारखी प्रत्येक उंचवट्याला व खळग्याला धरून चालते. तिकडे ती शेणाचे पो विस्कटण्यासाठीही फिरवतात, कारण पोखालचे गवत दडपते आणि गुरे त्याच्या भोवतीचेही गवत टाळतात. आपल्याकडे शेण कुरणावर पडून राहतच नाही. ते पाटीत उचलून उकिरड्यावर किंवा गोवऱ्यांना जाते. म्हणजे त्या अवजाराचे निम्मे काम आपल्याला नको होते. उरलेले निम्मे मात्र नेमके आपले होते.

तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात आम्ही तशी एक लहान जाळी करवून घेतली. एका बैलजोडीला श्रम न होता ओढता येईल, एवढीच तिची रुंदी ठेवली. तिरक्या दात्यांमुळे एका टोकाने ओढली तर ती खोल ओरखडते, दुसऱ्या टोकाने ओढली तर हलके; आणि उलटी अंथरली की दाते आकाशाकडे होऊन केवळ कड्यांचा स्पर्श राहतो. एका अवजारात अशी तीन कामे मिळतात. वैशाखात जमीन दगडासारखी असते, तेव्हा दाते नुसते उडतात. चिखलात ते मातीने भरतात. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की दोन-तीन दिवस जे मिळतात, तेच खरे. त्या दिवसांत उताराला आडवे दोनदा विंचरावे, मग मारवेलीचे बी फेकावे आणि जाळी उलटी करून एकदा फिरवावी. गवताचे बी बारीक असते. बोटाच्या पेराहून खोल गेले तर ते वर येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही, त्यावर राबणारे हात व भांडवल यांच्याशी त्याचे प्रमाण काय, यावरून ठरते, असा त्यातील युक्तिवाद आहे. शेतीची अवजारे हा त्या भांडवलाचाच भाग. इतिहासाच्या वर्गात हा निबंध शिकवताना आम्ही मुलांना खिडकीतून ते माळरान दाखवतो. अवजार जमिनीपेक्षा मोठे असले तरी प्रमाण बिघडते, हे त्यांना चटकन उमगते.

आता निगेविषयी. साखळीच्या कुळवात तीक्ष्ण पाते नाही, चाक नाही, यंत्र नाही. त्यामुळे त्याला निगा लागत नाही असा समज होतो. कडीवर कडी घासून ती आतून झिजते आणि ही झीज वरून दिसत नाही. म्हणून दर हंगामाआधी प्रत्येक कडी बोटांनी फिरवून पाहावी आणि बारीक झालेली तुटण्यापूर्वीच बदलावी. ओढण्याची बाजू आलटूनपालटून घ्यावी, म्हणजे दाते एकाच अंगाने झिजत नाहीत. पुढची दांडी वाकली तर जाळी एका कडेला चावते, दुसऱ्या कडेला नुसती तरंगते. ती वेळीच सरळ करून घ्यावी. डांबरी सडकेवरून जाळी फरफटत नेऊ नये. गुंडाळून गाडीत घालावी. काम संपताच अडकलेले काटे व मुळ्या काढाव्यात, जुन्या ऑइलचा बोळा फिरवावा आणि पावसाळाभर ती गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवावी. ओल्या भुईवर पडलेल्या लोखंडाला गंज विचारून येत नाही.

यांतील एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते एवढेच, की सर्वांच्या मालकीच्या वस्तूसाठी ते कोणी एकाने आठवणीने करावे. जुन्या बलुतेदारीत लोहार-सुतार गावची अवजारे दुरुस्त करीत आणि खळ्यावर धान्य घेत. आपल्यापैकी अनेकांच्या आजा-पणजांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात दुसऱ्याचे अवजार ओढले. ते केव्हा शेवटायचे आणि केव्हा मोडीत काढायचे, हे ठरवणारा मालक वेगळा होता. निगा हा मालकाचा अधिकार होता, आणि तो आपल्या वाट्याला आला नव्हता. म्हणून वसतिगृहातील मुलगी कडी बोटांत धरून ‘सर, ही बदलायला हवी’ असे सांगते, तेव्हा तो निर्णय तिचा असतो, याचे आम्हांस फार मोल वाटते. सुत्तनिपातातील कसिभारद्वाज ब्राह्मणाशी झालेल्या संवादात भगवान बुद्धांनी नांगराच्या एकेका भागाशी मनाचा एकेक गुण जोडला आहे. तेथे फाळाच्या जागी स्मृती, म्हणजे सजगता, येते. अवजारे हाताळणाऱ्यास हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गेल्या दोन पावसाळ्यांत ओढ्याकडच्या अंगाला मारवेल पुन्हा दिसू लागली आहे. वरचा भाग अजून कुसळीचाच आहे. त्याला आणखी काही वर्षे लागतील. तेव्हा माजी विद्यार्थ्यांना आमची नम्र विनंती अशी, की मोठ्या यंत्राचा विचार तूर्त बाजूस ठेवावा. त्या रकमेतून याच मापाची दुसरी एक जाळी, बदलीच्या कड्या आणि मारवेल-पवन्याचे खात्रीचे बी मिळावे. उरेल ते गोठ्याच्या छपरासाठी असावे. आणि ज्यांना शक्य असेल, त्यांनी ज्येष्ठात एक दिवस सवड काढून यावे. मृगाआधी जाळी आढ्यावरून उतरवून कड्या तपासायच्या असतात. त्या कामाला मुलांबरोबर मोठी माणसेही बसली, तर मुलांना त्याचे महत्त्व आमच्या तासाहून अधिक कळेल.