पत्ता विचारत विचारत

बालमित्रांनो, तुमच्या मामांचा मोबाइल नंबर तुम्हाला पाठ आहे का? खरं खरं सांगा हं! बहुतेकांना नसणार. फोनमध्ये ‘मामा’ हे नाव शोधायचं, बोट टेकवायचं, की लागला फोन. नाव आपण लक्षात ठेवतो, नंबर फोन लक्षात ठेवतो.

इंटरनेटचंही अगदी असंच आहे. आपण संकेतस्थळाचं नाव टाइप करतो, पण संगणकाला हवा असतो आकड्यांचा पत्ता. नाव सांगितलं की आकडा शोधून देणाऱ्या व्यवस्थेला म्हणतात डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस.

पूर्वी ही व्यवस्था नव्हती. अमेरिकेत अर्पानेट नावाचं जाळं होतं, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथं एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी सगळ्या संगणकांची नावं आणि आकडे एकाच यादीत लिहून ठेवत. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरसारखीच ती यादी! नवा संगणक आला की यांना कळवायचं, यादीत नाव चढणार, मग बाकीच्यांनी ती यादी पुन्हा उतरवून घ्यायची. संगणक वाढत गेले तशी ही यादी कुणाला आवरेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची योजना मांडली. गंमत म्हणजे ती जुनी वही अजून गेलेली नाही. तुमच्या घरच्या संगणकातही ‘होस्ट्स’ नावाची एक छोटी फाइल असते, आणि संगणक बाहेर विचारण्याआधी तिच्यात डोकावतो.

आता बाहेर विचारायचं म्हणजे कसं? समजा, तुम्हाला परगावच्या एका आजींचं घर शोधायचंय. फाट्यावर विचारलं, तर तिथला पानवाला घर सांगत नाही, गावाची वाट दाखवतो. गावात शिरल्यावर पारावरचे आजोबा आळी सांगतात. आळीतलं एखादं पोर मात्र थेट दारापर्यंत नेऊन सोडतं. डीएनएस असंच टप्प्याटप्प्यानं विचारत जातं. सगळ्यात वरच्या मूळ सर्व्हरला विचारलं की तो ‘डॉट इन’वाल्यांकडे पाठवतो, ‘डॉट इन’वाले पुढं पाठवतात, आणि शेवटी नेमका आकडा मिळतो. ही पायपीट तुमचा संगणक स्वतः करत नाही बरं! त्याचा एक निरोप्या असतो, तो करतो. त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. एकदा मिळालेलं उत्तर तो काही वेळ लक्षात ठेवतो, म्हणून दुसऱ्यांदा पान झटकन उघडतं.

पण निरोप्याच लबाड निघाला तर?

आमच्या शाळेत हे घडलं. पाचवीतल्या एका मुलीचा नवोदयच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायचा होता. शेवटचा दिवस. तिचे वडील ऊसतोडीवरून खास त्यासाठी आलेले, रात्रीच्या गाडीनं परत जाणार होते. पत्ता टाइप केला, तर पडद्यावर इशारा आला, ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही.’ दुसरं एक साधं पान उघडून पाहिलं, तर ‘अभिनंदन, तुम्हाला मोबाइल लागला!’

वडील म्हणाले, “गुरुजी, दाबा की पुढं जा वर. आज शेवटची तारीख हाय.”

मी म्हटलं, “दादा, थांबा. फाटकावर रखवालदार आडवा आलाय, त्याला ढकलून आत जायचं नसतं.”

मी माझा मोबाइल शाळेच्या वाय-फायला जोडला. त्यावरही तोच प्रकार! मग वाय-फाय बंद करून मोबाइलच्या डेटावर तेच नाव टाकलं, तर खरं पान बिनबोभाट उघडलं. मुलांनो, सांगा पाहू, दोष कुठं असणार? संगणकात नाही, मोबाइलमध्ये नाही, त्या संकेतस्थळातही नाही. दोष मधल्या डबीत, म्हणजे राउटरमध्ये. आधी मोबाइलच्या डेटावर अर्ज भरून टाकला. पोचपावती वडिलांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी ती दोनदा घडी घालून आतल्या खिशात ठेवली. गाडी त्यांना मिळाली.

मग राउटर उघडला. म्हणजे त्याचं सेटिंगचं पान, डबी नव्हे! बसवणाऱ्यानं कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला होता. नावही ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. कुलपाला किल्ली लटकत ठेवल्यासारखंच की! त्यामुळं कुणीतरी आत शिरून डीएनएसच्या रकान्यात भलताच आकडा लिहून ठेवला होता. तो काढून मी ९.९.९.९ हा आकडा घातला. ही सेवा फुकट आहे, आणि फसव्या म्हणून माहीत झालेल्या नावांचं उत्तरच ती देत नाही. गुगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ असे आणखीही आहेत. १.१.१.३ हा आकडा घातला तर मुलांनी पाहू नयेत अशी पानंही अडवली जातात, हे पालकांसाठी सांगून ठेवतो. त्यानंतर पासवर्ड बदलला, राउटर बंद करून चालू केला आणि संगणकानं लक्षात ठेवलेले जुने चुकीचे पत्ते पुसले. हे शेवटचं पुष्कळजण विसरतात, आणि मग ‘दुरुस्त करूनही तसंच!’ म्हणून कपाळाला हात लावतात.

हा उद्योग नवा नाही. ‘डीएनएस चेंजर’ नावाच्या एका घातक प्रोग्रामनं जगभरातल्या सुमारे ४० लाख संगणकांचे निरोपे असेच बदलले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियात सहाजणांना अटक झाली. आता पंचाईत पाहा! चोरांचे सर्व्हर लगेच बंद केले असते, तर त्या सगळ्या संगणकांना एकही पत्ता सापडला नसता. म्हणून न्यायालयाच्या परवानगीनं त्या जागी चांगले सर्व्हर बसवले आणि ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले, लोकांनी तोवर आपापले संगणक नीट करावेत म्हणून.

निरोप्या प्रामाणिक असला, तरी आपणच त्याला चुकीचं नाव सांगितलं तर तो बिचारा तिकडेच नेणार. म्हणून नाव वाचायला शिका. पोस्टात पाकिटावरची खालची ओळ आधी बघतात ना, पिनकोड आणि जिल्हा? तसं संकेतस्थळाचं नाव उजवीकडून वाचायचं. रिझर्व्ह बँकेनं भारतातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं. पण ते अगदी शेवटी हवं हं! ‘डॉट बँक डॉट इन’च्या पुढं आणखी एक ठिपका आणि भलतंच काही असेल, तर ते घर त्या भलत्याचंच. वहीत तुम्ही ‘घ’चा ‘ध’ करता, तसे ठग मुद्दाम इंग्रजी ‘एल’च्या जागी १ लिहितात. आणि ते कुलपाचं चित्र? कुलपाचा अर्थ एवढाच, की वाटेत कुणी आपलं बोलणं ऐकत नाही. पलीकडचा माणूस सज्जन आहे, असं ते सांगत नाही.

आणखी एक कटकट तुमच्यापैकी खूपजणांच्या घरी असेल. ‘फोनमध्ये १३ व्हायरस!’ असे निरोप सारखे टपकतात. बहुतेक वेळा व्हायरस वगैरे काही नसतो. कधीतरी खेळ शोधताना एका पानानं ‘सूचना पाठवू का?’ विचारलं आणि आपण हो म्हटलं, एवढंच. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सूचनांच्या यादीतून त्या पानाचं नाव काढा, गप्प बसेल. (मोठ्यांना विचारून बरं का!) लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल आली तर मात्र तिला हातही लावू नका. पत्रिकेला अ‍ॅप कशाला लागतं? पैसे गेलेच, तर पालकांनी लाजत न बसता ताबडतोब १९३० ला फोन करावा. जेवढा लवकर फोन, तेवढी पैसे पुढं सरकण्याआधी अडवण्याची आशा जास्त.

हे सगळं वर्गात सांगून झालं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “गुरुजी, निरोप्या सगळ्यांचे पत्ते विचारतो, पण सगळ्यात वरच्याचा पत्ता त्याला कोण सांगतो?” प्रश्न ऐकून मी खडूच खाली ठेवला. अरे, तो त्याला आधीच दिलेला असतो! ए पासून एम पर्यंत १३ नावं आणि त्यांचे आकडे, घरातून निघतानाच खिशात.

“म्हणजे चिठ्ठी,” ती पोरगी म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं.