निवळीची साक्ष

शाळेच्या प्रयोगशाळेत हायड्रोजनचा मान मोठा. परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की ‘फट्’ असा आवाज होतो आणि मागच्या बाकावरचेही जागे होतात. ऑक्सिजनही तसा रुबाबदार; विझत आलेली काडी त्यात भपकन पेटते. कार्बन डायऑक्साइडच्या वाट्याला असलं काही नाही. तो काडी विझवतो खरा, पण ती तर नायट्रोजनमध्येही विझते. त्याची ओळख पटते ती चुन्याच्या निवळीत, आणि तिथेही आवाज नाही, ज्वाळा नाही. पाणी पांढुरकं होतं, एवढंच. मला मात्र सगळ्या परीक्षांमध्ये हीच सुंदर वाटते.

साहित्य गरिबाघरचं. संगमरवराचे नाहीतर शहाबादी फरशीचे तुकडे आणि नरसाळ्यातून सोडलेलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. सल्फ्युरिक का नाही, हा ‘शास्त्रीय कारणे द्या’मधला ठरलेला प्रश्न. तुकड्यांवर कॅल्शिअम सल्फेटचा थर बसतो, आतल्या दगडापर्यंत आम्ल पोचत नाही आणि फसफस सुरू होते न होते तोच थंडावते. वायू हवेच्या दीडपट जड, त्यामुळे वायुपात्र उभं ठेवलं तरी तळापासून भरत येतं. भरलं की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

निवळी तर पानाच्या डबीतल्या चुन्याचीही होते. चुना पाण्यात ढवळायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यायचं. लिटरभर पाण्यात चुना विरघळतो जेमतेम दीड-दोन ग्रॅम. पाणी तापवलं तर आणखी कमी, साखरेच्या अगदी उलट. बाटलीचं बूच सैल राहिलं की निवळीवर पातळ साय धरते. ते काम खोलीतल्या हवेचं. हवेच्या 10,000 भागांत हा वायू सुमारे 4 भाग, पण निवळीला तेवढाही पुरतो.

आणि आम्ल-दगड काही नसलं तरी अडत नाही. काचेची नळी निवळीत बुडवून हळूच फुंकायचं (ओढायचं नाही!). उच्छ्वासात हा वायू शेकडा 4 च्या आसपास असतो; थोड्याच वेळात पाणी दुधाळ होतं. तळाशी बसणाऱ्या त्या पांढऱ्या कणांतला कार्बन कालपरवाच्या भाकरीतला असतो. पाठ्यपुस्तक हे एका ओळीत उरकतं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

खरी गंमत त्यापुढे आहे. दुधाळ झाल्यावरही फुंकत राहिलं तर पाणी पुन्हा नितळ होऊ लागतं. न विरघळणाऱ्या कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. उकळलं की वायू निघून जातो आणि पाणी परत गढूळ. पाऊस हेच करून चुनखडीचे डोंगर आतून पोखरतो. आंध्रातल्या बोर्रा गुहा अशाच झाल्या. तिथे छतातून गळणारा थेंब वायू सोडतो आणि मागे दगड ठेवतो.

हा वायू दगडात दडलेला असतो, हे नीट वजन करून दाखवलं स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने. त्या काळी एडिंबरात मुतखड्यावर निवळी औषध म्हणून देत, आणि कोणत्या चुन्याची निवळी चांगली यावर दोन प्राध्यापकांत जुंपली होती. वैद्यकीच्या या विद्यार्थ्याने शहाणपणाने चुना बाजूला ठेवला आणि मॅग्नेशियापासून सुरुवात केली. पण 1756 साली छापलेल्या त्याच्या निबंधात चुना आलाच. भट्टीत चुनखडी भाजली की तिच्यातून ही ‘बद्ध हवा’ निघून जाते आणि कळीचा चुना उरतो. आजच्या हिशेबाने 100 किलो शुद्ध चुनखडीतून 44 किलो वायू उडतो.

उडालेला वायू चुना पुढे हवेतूनच वसूल करतो. देशावर काळ्या मातीतले चुनखडीचे खडे भाजत, कोकणात शिंपले. भाजलेला चुना पाण्यात विरवायचा, वाळू घालून घाणीत मळायचा आणि दगडांच्या सांध्यांत भरायचा. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरून आत, सावकाश, त्याचा पुन्हा दगड करत जातो. जाड भिंतीच्या पोटात तर वर्षानुवर्षं. अगदी कोरड्या चुन्याशी त्याचं जमत नाही, ओल लागते, म्हणून गिलाव्यावर पाणी शिंपडत राहायचं. परीक्षानळीत मिनिटात आटोपणारी ही क्रिया वाड्यांच्या नि किल्ल्यांच्या भिंतींत अशी रेंगाळते.

तिकोन्यावर चुन्याचा घाणा आहे, वर्तुळाकार चर आणि दगडी चाक. सुट्टीच्या दिवशी लोक चाकाला हात लावून फोटो काढतात आणि बालेकिल्ल्याकडे निघतात. त्यांतल्या बहुतेकांनी हे समीकरण शाळेत तोलून लिहिलेलं असतं, खाली जाणारा बाण न विसरता.