नावाचा शोध

राहाता हे गाव नगर-मनमाड रस्त्यावर वसलेले आहे. येथील पेरूच्या बागा दूरवर प्रसिद्ध आहेत. जवळच काकडी या गावी २०१७ साली विमानतळ सुरू झाला आणि शिवारात काम करणाऱ्या माणसांना विमानाचे नवल उरले नाही. आकाशातून जाणारे विमान कोठून निघाले, कोठे उतरणार, त्यात किती माणसे बसली आहेत, हे सर्व जमिनीवरच्या कचेरीत नोंदलेले असते. विमान दृष्टीआड झाले तरी ते माणसांच्या लक्षातून सुटत नाही.

परंतु शंभर वर्षांपूर्वी असे नव्हते. १९१४ ते १९१८ या काळात पहिले महायुद्ध झाले. त्या वेळची विमाने लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेली असत. एकट्या वैमानिकाच्या लढाऊ विमानात जमिनीशी बोलण्याचे साधन नसे. ब्रिटिश वैमानिकांजवळ हवाई छत्रीही नसे. सकाळी विमानांची तुकडी उडे, आणि परतताना त्यांतील एखादे कमी असे. मग सोबतचे वैमानिक आपल्या अधिकाऱ्याला एवढेच सांगू शकत, की ते विमान अमुक गावावर अमुक वाजता शेवटचे दिसले. त्या दिवशीच्या वहीत त्या वैमानिकाच्या नावापुढे एक शब्द लिहिला जाई : बेपत्ता.

श्रीकृष्ण वेलिणकर या मुंबईच्या तरुणाच्या नावापुढे हाच शब्द लिहिला गेला. हा तरुण शिक्षणासाठी इंग्लंडात केंब्रिज येथे गेला होता. युद्ध चालू असता तो वैमानिक झाला. त्या काळी हिंदी माणसाला वायुदलात अधिकारी होणे सोपे नव्हते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलातून लढलेले हिंदी वैमानिक अगदी मोजके होते. वेलिणकर, इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक व एरॉल सेन या चौघांची नावे त्यांत प्रामुख्याने घेतली जातात. वेलिणकर फ्रान्समध्ये तेविसाव्या तुकडीत होता. ही तुकडी डॉल्फिन जातीची विमाने उडवी. या विमानाची रचना मोठी विलक्षण होती. वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर येत असे. त्यामुळे त्याला आकाश चांगले दिसे, पण विमान उलटले तर मानेला धोका असे.

२७ जून १९१८ रोजी वेलिणकर आपल्या विमानातून शत्रूच्या बाजूकडे गेला आणि परतला नाही. त्याचे वय तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते.

रणांगणावर एखादा मनुष्य पडला, तर त्याच्या घरी दुःख येते. परंतु त्या दुःखाला एक कडा असते. माणसे रडतात, दिवस करतात आणि हळूहळू संसाराला लागतात. बेपत्ता या शब्दाला मात्र कडा नाही. तो मनुष्य कैदेत असेल, एखाद्या इस्पितळात जखमी पडला असेल, कदाचित आपले नाव सांगण्याच्या स्थितीत नसेल, अशा शंका घरच्यांना सोडीत नाहीत. दारावर टपालवाला आला की छाती धडधडते. श्राद्ध करावे तर मन होत नाही, आणि वाट पाहावी तर दिवस सरत नाहीत. म्हणूनच परदेशी मेलेल्या माणसाला मृत्यू कोठे आणि कसा आला, हे शोधणे ही नुसती चौकशी नव्हे. मागे राहिलेल्यांवरचे ते मोठे उपकार असतात.

हे काम त्या युद्धात अनेकांनी केले. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा या शहरी रेडक्रॉस संस्थेने १९१४ सालीच युद्धकैद्यांची चौकशी करणारी एक कचेरी उघडली. दोन्ही बाजूंची सरकारे आपल्याकडील कैद्यांच्या आणि मृतांच्या याद्या तेथे पाठवीत. त्या याद्यांवरून सुमारे ७० लाख कार्डे तयार करण्यात आली. एका बाजूला घरून आलेली पृच्छा आणि दुसऱ्या बाजूला शत्रूकडून आलेली यादी, अशी दोन कार्डे जुळली की एका घराची प्रतीक्षा संपे.

ऑस्ट्रेलिया हा देश तर युद्धभूमीपासून समुद्रमार्गाने कित्येक आठवड्यांच्या अंतरावर. तेथील व्हेरा डीकिन या तरुणीने ऑक्टोबर १९१५ मध्ये इजिप्तमधील कैरो शहरी बेपत्ता व जखमी सैनिकांच्या चौकशीची कचेरी सुरू केली. तिचे वडील ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान होते. तिचेही वय तेव्हा तेवीसच होते. पुढे ही कचेरी लंडनला हलविण्यात आली. तिचे स्वयंसेवक इस्पितळांतून हिंडत आणि जखमी शिपायांच्या खाटेजवळ बसून विचारीत, “हा मनुष्य तुमच्या तुकडीत होता काय? तुम्ही त्याला शेवटचे कोठे पाहिले? तो दिसायला कसा होता?” एकाच्या सांगण्यावर ते कधी विसंबत नसत. लढाईच्या धुमाळीत माणसाची नजर फसते आणि एकाच नावाची दोन माणसेही असतात. म्हणून दोघातिघांचे म्हणणे ताडून पाहिल्यावाचून घरी पत्र जात नसे. अशा सुमारे ३२,००० माणसांच्या चौकशीची कागदपत्रे त्या कचेरीने मागे ठेवली. त्यांत शिपाई आहेत, तसे वैमानिकही आहेत.

वेलिणकरचा शोध असाच रेंगाळला. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले, तरी त्याचा ठावठिकाणा लागेना. फ्रान्समधील रूव्ह्रॉय या गावी जर्मनांनी पुरलेल्या मृतांत एका अधिकाऱ्याची नोंद होती. त्याचा हुद्दा जर्मन भाषेत लिहिलेला होता आणि नाव होते ‘एस. सी. वुमकर’. असे नाव जर्मनांत नसते आणि इंग्रजांतही नसते. मग हा वुमकर कोण?

मराठी मुलाला या कोड्याची किल्ली चटकन सापडावी. ‘कर’ हा आडनावाचा शेवट आपल्याकडचा आहे. मनुष्य कोणत्या गावचा, हे तो सांगतो. गाव सोडून पिढ्या लोटल्या तरी तो नावाला चिकटून राहतो. रोमन लिपीत घाईने लिहिलेले वेलिणकर हे नाव परक्या माणसाने वाचले, तर मधली अक्षरे एकमेकांत मिसळून त्याचे वुमकर होणे अशक्य नाही. आरंभीचे अक्षर तेवढे राहिले आणि शेवटचा ‘कर’ राहिला. ज्याला मराठी कळत नव्हते त्या लिपिकाच्या हातूनही तो पुसला गेला नाही.

युद्ध संपून दोन वर्षे उलटून गेल्यावर, १९२१ साली, हा वुमकर म्हणजेच श्रीकृष्ण वेलिणकर, असा उलगडा झाला. तो जखमी स्थितीत जर्मनांच्या हाती सापडला होता आणि तीन दिवसांनी, ३० जून १९१८ रोजी, मरण पावला होता. आज फ्रान्सच्या सोम प्रांतातील हांगार या खेड्याजवळच्या युद्ध-स्मशानभूमीत त्याची समाधी आहे आणि तिच्यावर त्याचे खरे नाव कोरलेले आहे. तेथून जवळच व्हिलेर-ब्रेतोनो हे गाव आहे. तेथे ऑस्ट्रेलियाने आपल्या बेपत्ता सैनिकांचे मोठे स्मारक उभारले आहे. मुंबईचा एक मुलगा आणि ऑस्ट्रेलियाची हजारो मुले अशी एकाच परक्या मातीत शेजारी झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वेलिणकरला पुरले ते त्याच्या शत्रूंनी. त्यांनी नाव चुकविले, पण नाव लिहिण्याचा प्रयत्न केला. त्याच प्रदेशात २१ एप्रिल १९१८ रोजी जर्मनीचा विख्यात वैमानिक रिख्थोफेन ऑस्ट्रेलियन सैन्याच्या टापूत पडला. त्याने ऐंशी विमाने पाडली होती. तरीही ऑस्ट्रेलियन वैमानिकांनी त्याला सैनिकी इतमामाने मूठमाती दिली. त्याचा मृत्यू कोणाच्या गोळीने झाला, यावर पुढे अनेक वर्षे संशोधन झाले. प्रथम त्याचे श्रेय एका कॅनेडियन वैमानिकाला मिळाले होते. परंतु गोळी शरीरात कोणत्या बाजूने शिरली, विमान किती उंचीवर होते, जमिनीवरच्या तोफखान्यातील माणसांनी काय पाहिले, हे सर्व ताडून पाहिल्यावर ती गोळी जमिनीवरील ऑस्ट्रेलियन सैनिकाची असावी, असे बहुतेक अभ्यासक आज मानतात. सत्याचा शोध घेताना मनुष्य आपला की परका, हे पाहावयाचे नसते.

कधी शोधाला अर्धेच यश येते. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतील नाईक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा तरुण. त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल करून ती जागा जिंकली आणि त्याच ठिकाणी त्यांना गोळ्या लागल्या. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक मिळाले. त्यांचा मृत्यू कसा झाला, हे सर्व जगाला माहीत आहे. परंतु त्यांची समाधी कोठेही नाही. इटलीत कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव तेवढे आहे. समाधी नाही, तेथे नावालाच समाधी व्हावे लागते.

आणि जेथे नावही नाही, तेथे काय? दख्खनच्या अनेक गावांत वेशीवर किंवा चावडीच्या भिंतीत एक लहानशी दगडी पाटी बसविलेली आढळते. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतके मरण पावले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. आकडा आहे, पण नावे नाहीत. आजच्या इराकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, मराठा पलटणींचे शिपाई मोठ्या संख्येने लढले. कूत या शहराच्या वेढ्यात पुण्याच्या नावाने ओळखले जाणारे सैन्य अन्नावाचून झुरले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्याला शरण जावे लागले. त्या रणभूमीवर मेलेल्यांसाठी बसरा येथे १९२९ साली स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. परंतु साध्या हिंदी शिपायांची, पलटणीगणिक, केवळ संख्या दिली गेली.

वेलिणकरच्या घरची माणसे शिकलेली होती. त्यांना पत्रे लिहिता येत होती आणि कोणत्या कचेरीचे दार ठोठवावे, हे ठाऊक होते. खेड्यातील शिपायाच्या आईला ते कोठून ठाऊक असणार? तिची प्रतीक्षा मात्र तसूभरही कमी नव्हती. युद्धातील समाधींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाची स्थापना १९१७ साली झाली, तेव्हा हुद्दा, वंश वा धर्म न पाहता सर्वांना सारखाच मान देण्याचे तत्त्व त्याने स्वीकारले होते. ते पुष्कळ ठिकाणी पाळले गेले, पण सर्वत्र नाही. २०२१ साली खुद्द आयोगानेच चौकशी करून ही गोष्ट कबूल केली. आशिया व आफ्रिका खंडांतील किमान १,१६,००० मृतांची नावे कोठेच कोरली गेली नव्हती. शंभर वर्षांनी का होईना, चूक मान्य झाली आणि ती नावे शोधण्याचे काम हाती घेण्यात आले.

पुण्याजवळ खडकी येथे अशीच एक युद्ध-स्मशानभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ जणांच्या समाधी तेथे आहेत. हिरवळीवर एकाच मापाचे दगड ओळीने उभे आहेत. प्रत्येकावर नाव, हुद्दा आणि तारीख आहे. त्यांतील किती तरी जणांच्या आया सातासमुद्रांपलीकडे होत्या. त्यांच्या दृष्टीने परका देश म्हणजे आपला महाराष्ट्र. त्या समाधींवरची फुलझाडे येथील माळी जोपासतात. फ्रान्समधील माळी वेलिणकरच्या समाधीची निगा राखतो, आणि खडकीचा माळी कोणा परदेशी मुलाच्या. या दोघांची कधी भेट झाली नसेल, परंतु त्यांचे काम एकच आहे.

असा शोध घेण्यास फार मोठा पंडित असावे लागते, असे नाही. एखाद्या घरी जुन्या पेटीत महायुद्धातील पदक जपून ठेवलेले असते. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचे नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते. तो क्रमांक उतरवून घ्यावा. गावातील म्हाताऱ्या माणसांना विचारावे आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावे. एकाने सांगितलेले दुसऱ्याला विचारून पाहावे. आयोगाच्या नोंदी आज सर्वांना खुल्या आहेत. त्यांत नाव पाहताना लिहिणाऱ्याने ते कसे कसे चुकविले असेल, याचाही विचार करावा. जे निश्चित कळले तेवढेच मांडावे. पदरचे काही घालू नये.

मेलेल्या माणसाला आपण आयुष्य परत देऊ शकत नाही. त्याचे नाव मात्र परत देता येते, आणि ते शुद्ध लिहिता येते. वुमकरचा वेलिणकर करण्यास जवळजवळ तीन वर्षे लागली. वेशीवरच्या पाट्यांतील आकडे अजून आपापल्या नावांची वाट पाहत आहेत.