मेहर

अब्बांचा जनाजा उठायच्या आधी शेजारच्या खाला अम्मीजवळ येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "मेहर माफ कर दे गे."

आपल्याकडे ही रीतच पडली आहे. नवऱ्याने हयातीत न दिलेली मेहर मयतीपाशी बायकोकडून माफ करून घ्यायची. अशा वेळी कोणती बाई नाही म्हणेल?

अम्मी म्हणाली, "माफ क्या करूं? उनो तो कबके दे दिये."

आम्हा भावंडांना हे तेव्हाच कळलं. १९७४ साली निकाहनाम्यात ५२५ रुपये लिहिले होते. अब्बा मिरजेत टेलर. घरभाडं आणि आम्ही तीन पोरं. रमजानमध्ये मशीन रात्रभर चालायची. ईदच्या सकाळी त्या मजुरीतले पंचवीस-पन्नास ते अम्मीच्या हातावर ठेवायचे. रक्कम फिटायला बारा वर्षं लागली. त्यातला रुपयाही त्यांनी कधी घरखर्चाला मागितला नाही.

बायकांची मेहर खुशीने द्या, असा कुरआनात सूरह निसामध्ये हुकूम आहे. अब्बांनी त्यावर कधी वाझ केला नाही. अम्मी आजारी पडली की कणीक मळायचे, माझ्या वेण्या घालायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "पैगंबरसाहेब स्वतःचे कपडे शिवायचे. मी तर टेलरच आहे."

माझ्या लग्नात त्यांची एकच अट होती: मेहर निकाहच्या दिवशीच मुलीच्या हातात. सासरच्यांपुढे तेव्हा मला फार अवघडल्यासारखं झालं होतं.

तुमच्या घरातली मेहर फिटली आहे का? जनाजा उठायची वाट पाहू नका.