दुसरे ‘बुक’

आम्हां केंद्र सरकारच्या नोकरांचे सारे चरित्र बदलीबरोबर गावोगाव फिरते. रजा किती उरली, वेतनवाढ कधीची, हे सारे सर्व्हिस बुकात असते. घरातील बाईच्या प्रकृतीची मात्र अशी वही नसते. डमडमला बिऱ्हाड केल्यावर, सौ.च्या दुसऱ्या बाळंतपणात आम्हांला याची जाणीव झाली. डॉक्टरीणबाईंनी आरंभीच विचारले, “मागच्या खेपेस रक्तदाब वाढला होता?” तो वाढला होता, पण ती नोंद साताऱ्याच्या केसपेपरात! सुदैवाने सौ.च्या ते ध्यानात होते. बाईंनी लगेच कागदावर लिहिले : मेथिलअर्गोमेट्रिन देऊ नये.

कारण ऐकताना आम्हांला देशावरची बाजरी आठवली. तिच्या कणसावर अरगट पडतो, तशीच बुरशी युरोपात राय या धान्यावर पडते. त्या अरगटातून मॉयर आणि डडली यांनी 1935 साली लंडनमध्ये अर्गोमेट्रिन वेगळे काढले. मेथिलअर्गोमेट्रिन हे त्याचेच भावंड. आकुंचन हाच या औषधांचा गुण. प्रसूतीनंतर गर्भाशय आवळला जातो व रक्तस्राव थांबतो. परंतु ही पकड क्वचित तेथेच थांबत नाही. रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढतो; फारच विरळा, हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्याच आखडतात आणि तरुण, धडधाकट बाईलाही हृदयविकाराचा झटका येतो. म्हणूनच रक्तदाबाचा विकार नाही याची खात्री असेल तरच हे औषध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्या पहिल्या पसंतीचे ऑक्सिटोसिनही शिरेतून भरकन दिल्यास रक्तदाब उतरतो, नाडी धावू लागते. अकाली कळा थांबविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या टर्ब्युटालिनच्या हृदयावरील दुष्परिणामांविषयी तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 साली कडक इशारा दिला.

हे वाचून कोणी औषधालाच भिऊ नये. बाळंतपणातील रक्तस्राव काही तासांत प्राण घेतो, आणि याच औषधांनी असंख्य माता वाचल्या आहेत. नाकारावयाचे काही नाही. सांगावयाचे मात्र पुष्कळ आहे. पूर्वीचा रक्तदाब, हृदयाचा विकार, चालू असलेली औषधे हे सारे एका कागदावर लिहून ट्रंकेत नव्हे, हाताशी ठेवावे. औषधानंतर छातीत कळ आली, दम लागला, तर ‘बाळंतिणीला असे व्हायचेच’ म्हणून स्वस्थ न बसता तत्क्षणी डॉक्टरांना सांगावे.

बंगालीत छातीला ‘बुक’ म्हणतात. आमचे एक बुक सरकार जपते. हे दुसरे आपल्यालाच जपले पाहिजे.